दीड लिटरचं गाऱ्हाणं

आमच्याकडे दुधावरून काहीतरी बिनसलंय, असं खालच्या मजल्यावरच्या काकूंना सहा आठवडे वाटत होतं. त्यांचा दोष नाही. आमचा आवाज मूळचा करी रोडच्या चाळीतला. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही अठराव्या मजल्यावर गेलो, पण आवाज काही खाली आला नाही. रोज संध्याकाळी आमच्या खिडकीतून एकच वाक्य बाहेर पडायचं, 'एक लिटर भरपूर झालं, दीड लिटर कशाला हवंय?' शेवटी एकदा लिफ्टमध्ये काकूंनी मला हळूच विचारलं, 'पाहुणे यायचेत का गं?' मी म्हटलं, 'नाही हो, गाडी यायची आहे.' त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि मजला आल्यावर उतरल्या.

गाडी माझी होती. माझ्या पगारातली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी घेतलेली, आणि घरातल्या कुणाच्याही सोयीची नसलेली. लाल, बुटकी, मागून जरा उचललेली. आत बसताना आधी डोकं वाकवायचं, मग कंबर, मग अब्रू सांभाळत पाय आत घ्यायचे. रंग ठरला होता, मॉडेल ठरलं होतं. घोडं अडलं होतं इंजिनावर. तीच गाडी दोन इंजिनांत मिळत होती, एक लिटरचं आणि दीड लिटरचं. बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही फरक कळत नाही. मला दीडच हवं होतं.

नवरा ठाकूरद्वारचा. त्यांच्या घरात तीन पिढ्या कारकुनी झाली. कुठलाही कागद दोनदा वाचल्याशिवाय आणि एकदा उजेडात धरल्याशिवाय ही माणसं सही करत नाहीत. त्याने दोन्ही इंजिनांची माहिती छापून आणली, तिला पंच मारले, फाइल केली. 'लालबाग ते दादर,' तो म्हणायचा. 'मध्ये सिग्नल मोज. दीड लिटर काय सिग्नलला उभं राहायला घ्यायचं?' मग ऍव्हरेजवर यायचा. ऍव्हरेज हा शब्द उच्चारताना आमच्या ह्यांचा चेहरा आरतीला उभं राहिल्यासारखा होतो.

त्याचं चुकत होतं असं नाही, हाच तर वैताग होता. पण आमची जुनी गाडी त्यानेच निवडलेली. कागदावर तिच्यासारखी गुणी गाडी नव्हती. दर गणपतीत आम्ही तिच्यातून गावाला जायचो, आणि प्रत्येक घाटाच्या पायथ्याशी तो हुकूम सोडायचा, 'ए.सी. बंद कर.' ए.सी. लावून ती चढायची नाही. मग काचा खाली, ट्रकचा धूर आत, मागे बसलेल्या माझ्या बाबांच्या मांडीवर मखराचं सामान, आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये. सगळी दुनिया आम्हाला मागे टाकून वर जायची. वर बाबांचा जप चालू असायचा, 'सांभाळून गो, सांभाळून.' हा शब्द मी जन्मल्यापासून ऐकत आले आहे. जिना सांभाळून, नोकरी सांभाळून, सासर सांभाळून. मला एकदा, फक्त एकदा, सांभाळून नसलेली एक गोष्ट करायची होती. पुढच्या गाडीने घाट ए.सी. लावून चढायचा, एवढं मी तेव्हाच मनात पक्कं केलं होतं.

परळच्या शोरूममध्ये दोन्ही गाड्या चालवून बघितल्या. तिथली मुलगी मोठी हुशार. तिने मला आधी लहान इंजिनावर बसवलं. फ्लायओव्हरच्या चढावर मी पाय दाबला, तर गाडीने क्षणभर विचार केला आणि मग निघाली. 'थोडा लॅग आहे, मॅम,' मुलगी म्हणाली. 'सवय आहे मला,' मी म्हटलं आणि आरशातून मागे बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. तो फाइल वाचत होता.

मग मोठं इंजिन. त्याच चढावर तोच पाय तेवढाच दाबला. पाठ सीटला चिकटली आणि मी मोठ्याने हसले. आपण हसतोय हे मला हसून झाल्यावर कळलं. मागून आवाज आला, 'हे ऍव्हरेजला मारक आहे.'

घरी आल्यावर प्रकरण बाबांच्या पुढ्यात गेलं. बाबा आमच्याकडेच असतात. वय ब्याऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण ऑपरेशनला 'गणपतीनंतर बघूया' म्हणत तीन गणपती काढलेले. सगळा जन्म गिरणीत, साचे खात्यात. साचा म्हणजे माग, ज्यावर कापड विणतात तो. आम्हाला खात्री होती की ते जावयाच्या बाजूने बोलणार. बाबांनी दोन्ही बाजू ऐकल्या. 'किती सिलिंडर?' त्यांनी विचारलं. 'एकात तीन, दुसऱ्यात चार,' नवरा म्हणाला. 'गॅसचे नव्हेत, बाबा,' मी म्हटलं. 'गप गो,' ते म्हणाले. 'माका इंजिन शिकव नुको.'

मग म्हणाले, 'हलको साचो जोरात चलयलो तर काय होता? खिळखिळो जाता. जबर साचो हळू चलव, तीस वर्सां हलूचो नाय. मोठा इंजिन घी.'

नवऱ्याने फाइल मिटली.  मी इतकी हरखून गेले की त्या वाक्यातला एक शब्द माझ्या कानावरून तसाच गेला. 'हळू'.

गाडी आली त्या दिवशी कंपाउंडमध्ये तीसेक माणसं जमली. सगळी जुन्या चाळीतली, म्हणजे सगळी कोकणातली. बाबांना गाडी नीट दिसत नव्हती, रंग तेवढा दिसला. 'एस्टीचो रंग,' ते खूश होऊन म्हणाले. चाकाखाली लिंबं ठेवली, हळदकुंकू झालं, आणि बाबा नारळ हातात धरून गाऱ्हाणं घालायला उभे राहिले.

गाऱ्हाणं म्हणजे देवाला उभ्याने घातलेलं साकडं. जाणता माणूस बोलतो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी बाकीचे एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणतात. हे म्हणायला काय बोललं गेलंय ते ऐकावं लागत नाही. सूर खाली आला की आमची तोंडं आपसूक उघडतात. आईच्या कडेवर असल्यापासूनची सवय.

'बा देवा म्हाराजा, आज माझ्या चेडवान ही गाडी हाडल्यान असा, ती गोड मानून घी रे म्हाराजा.'

'होय म्हाराजा.'

'हिच्यार कोणाची वायट नजर पडली, तर ती थयच्या थय मोड रे म्हाराजा.'

'होय म्हाराजा.'

चेडू, म्हणजे लेक, म्हणजे मी, नारळाकडे बघत होते. हा नारळ बंपरवर फुटणार की जमिनीवर, या एकाच काळजीत होते.

'आणि ही गाडी पन्नासाच्या वर धावूची नाय, असो शब्द माझा चेडू आज तुझ्यासमोर दिता रे म्हाराजा.'

'होय म्हाराजा,' तीस माणसं म्हणाली. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

नारळ जमिनीवर फुटला. 'बाबा, काय म्हणालात तुम्ही?' मी विचारलं. 'झाला ता झाला,' ते म्हणाले आणि प्रसाद वाटायला लागले. नवरा वॉचमनच्या खुर्चीचा आधार घेऊन हसत होता. 'होय म्हाराजा' त्यानेही म्हटलं होतं. पंचवीस वर्षं आमच्यात राहून त्यालाही खोड लागली आहे.

मी काही फार देवभोळी नाही. सोमवारी समोर सुरमई आली तर तिला परत पाठवत नाही. पण स्वतःच्या तोंडाने, सगळ्या चाळीसमोर दिलेला शब्द मला मोडवेना. एकटी असले तरी काटा पन्नासला आला की पाय आपोआप वर यायचा. मुंबईत बहुतेक ठिकाणी तशी संधीही मिळत नाही म्हणा, पण फ्लायओव्हर मोकळा मिळाला की कोण अपमान. पाण्याचे टँकर मला मागे टाकायचे. कोंबड्यांचा टेम्पो मागे टाकायचा, आणि त्यातल्या कोंबड्या वळून बघतायत असं मला वाटायचं. सिग्नलला बाइकवाली पोरं शेजारी येऊन रेस द्यायची, माझ्याकडे बघून मान उडवायची, आणि हिरवा लागल्यावर पुढे जाऊन माझी वाट बघायची. वॉचमन रोज गेट उघडताना विचारायचा, 'पन्नासच ना, मॅडम?'

नवऱ्याने एक पळवाट काढली. 'बाबा पन्नास म्हणाले. पन्नास काय ते कुठे म्हणाले? मैल धर. पन्नास मैल म्हणजे ऐंशी किलोमीटर.' मी त्याला सांगितलं की देवापुढे कारकुनी चालत नाही. पण दोन दिवस तो हिशेब माझ्या डोक्यात घोळत होता, खोटं कशाला बोलू.

एकदा मात्र माझा तोल गेला. कोंबड्यांच्या टेम्पोचाच दिवस होता. घरी येऊन मी बाबांवर तडकले. 'मोठं इंजिन घ्यायला तुम्हीच सांगितलंत आणि तुम्हीच मला दावणीला बांधलंत. एक्कावन्न वर्षांची आहे मी. कशाला केलंत असं?' ते लसूण सोलत होते, बोटांनी चाचपून. हात थांबला नाही.

'साच्याचा काय मोडला तर स्पेअर मिळता,' ते म्हणाले. 'तुझो स्पेअर मी खंयसून हाडू?'

मला राग आला होता आणि रडूही आलं होतं, आणि दोन्हींपैकी काय करावं ते कळेना. मी त्यांच्या पुढ्यात बसून लसूण सोलायला लागले. त्यानंतर मी पन्नासबद्दल कुरकुर केली नाही. पण शोरूमची गाडी चालवताना मी जे हसले होते, ते हसू काही परत आलं नाही, आणि ते मला हवं होतं.

शेवटी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर गिरगावात. पट्टी निघाली त्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारून बाबांना घ्यायला गेले. गाडी बघून ते जिन्यावरच थांबले. 'ही एस्टी नव्हे,' ते म्हणाले. 'ही भारी असा.' गाडीला एक फेरी मारून त्यांनी ती नीट बघितली, मग माझा खांदा धरून आत उतरले.

घरी येताना त्यांना समुद्र दाखवावा म्हणून कोस्टल रोड धरला. बोगद्यात ते दिवे मोजत होते. बोगदा संपला आणि डाव्या हाताला दुपारचा लखलखीत समुद्र आला. समोर सरळ रस्ता, बोर्डावर ऐंशी, आणि मी डावीकडच्या लेनमध्ये पन्नासला. बाबांनी समुद्र बघितला. मग रस्ता बघितला. मग बराच वेळ ते माझे हात बघत राहिले.

तेवढ्यात एका शाळेच्या बसने आम्हाला मागे टाकलं. मागच्या काचेला चारपाच मुली नाकं चिकटवून उभ्या होत्या. त्यांनी आमच्या गाडीकडे बघून हात हलवले, आणि एकीने, चांगली दोन वेण्यांची, जीभ काढून दाखवली. बाबांना आता सगळं स्वच्छ दिसत होतं.

'शाळेची बस आमका टाकून गेली?' त्यांनी विचारलं.

'रोजच जाते,' मी म्हटलं. 'कोंबड्यासुद्धा जातात.'

'कोणच बघूचा नाय हय. तरी तू पन्नासारच?'

'शब्द दिलाय ना.'

 मग त्यांनी चप्पल काढून बाजूला सरकवली, डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे हात जोडले आणि खाकरले.

'बा देवा म्हाराजा. आज ह्या म्हाताऱ्याक तुझ्यासमोर एक चूक कबूल करूची असा रे म्हाराजा.'

मी थक्क होऊन रस्त्याकडे बघत होते. 'बोल गो,' ते म्हणाले. 'हय दुसरा कोण असा?'

'होय म्हाराजा,' मी म्हटलं.

'त्या दिवशी माका दिसा नाय. गाडी खंय, चेडू खंय, सगळा धुक्यात. मी भियालंय, आणि भियान तिका पन्नासार बांधलंय रे म्हाराजा.'

'होय म्हाराजा.'

'आज माका दिसला. माझा चेडू बरोबर चलयता. तेव्हा बोर्डार जा काय लिवलेला असात, तेवढ्याक तिका मोकळी कर रे म्हाराजा.'

 एक्कावन्न वर्षांत बाबांनी मला 'सांभाळून' म्हटलेलं हजारदा आठवतं. 'बरोबर' म्हटलेलं एकदाही आठवत नव्हतं. ते हात जोडून थांबले होते, कारण 'होय म्हाराजा' झाल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही. 'होय म्हाराजा,' मी म्हटलं.

मग आरसा बघितला, लेन बदलली आणि पाय दाबला. पाठ सीटला चिकटली. शेजारी बाबांचीही चिकटली, आणि त्यांनी दारावरचं हँडल धरलं. ए.सी. चालू होता. शाळेची बस उजव्या खिडकीतून मागे जाऊ लागली का डाव्या, ते मला आता सांगता येणार नाही, पण बाबांनी त्या दोन वेण्यांना काचेआडून हात केला एवढं मी बघितलं. मी हसत होते, मोठ्याने, परळच्या चढावर हसले होते तशी. काटा ऐंशीला आला आणि मी तिथेच धरला.

'किती झाला?' बाबांनी विचारलं.

'ऐंशी.'

'आणि पुढे?'

'पुढे जायला बोर्ड नाही म्हणतो, बाबा. कॅमेरे आहेत.'

 त्यांनी हँडल अजून सोडलं नव्हतं.

'मगे दीड लिटर कित्याक घेतलंस गो?' ते म्हणाले. 'एका लिटरात भागला असता.'