रुंद पिनेची वायर

शाळेतले किस्से घडताना घाम फोडतात आणि डबा खाताना हसवतात. आमच्याकडचे निम्मे तर एका टॅबच्या चार्जिंगवरून झालेत!

मी नाशिक रोडला विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. ज्यांना बोलता येत नाही, ती मुलं टॅबवरच्या चित्रावर बोट ठेवतात आणि टॅब त्यांच्यासाठी बोलतो. टॅब जुना. त्याची पिन रुंद, चपटी. कंपनीने ती कधीच बंद केली. नव्या टॅबवर आमचं ॲप चालत नाही. म्हणजे टॅब बंद, तर वर्ग मुका!

*

एकदा वायर तुटली. मी आणि संगीत शिकवणारे देवरे सर दुकानं पालथी घालत फिरलो. तिसऱ्या दुकानातल्या मुलीने पिन बघितली आणि आत हाक मारली, "पप्पा, तुमच्या वेळचं काहीतरी आलंय!"

पप्पांनी डुप्लिकेट वायर शोधून दिली. ती इतकी तापायची, की आमच्या सुमनमावशी शेजारी स्टूल टाकून बसायच्या. दर पाच मिनिटांनी हात लावून ओरडायच्या, "ताई, ताप चढला! काढा!"

*

मग देवरे सरांना आठवलं, घरी जुना स्पीकर आहे, त्यावर हीच पिन! टॅब त्यावर ठेवला की चार्ज होतो. फक्त आवाजही स्पीकरमधूनच येतो, हे आम्ही विसरलो.

त्याच दिवशी संस्थेचे अध्यक्ष आलेले. भाषणाला पाऊण तास झाला. मागे कुणीतरी चित्र दाबलं आणि अख्खा हॉल दणाणला, "मला घरी जायचंय!"

मोठ्या बाई पांढऱ्याफटक. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "मलापण."

*

इगतपुरीच्या सहलीत पॉवर बँक नेली, तर पिन सैल. अंगठ्याने दाबून धरली तरच चार्जिंग! देवरे सरांनी ती जाताना पूर्ण रस्ताभर धरली. वाटेत बस थांबली.

"सर, चहा?"

"पाजणार असाल तर!"

मावशींनी बशीने पाजला.

*

आणि ओवीचा दिवस. ओवी अकरा वर्षांची, अजिबात बोलत नाही. तिची आई सातपूरला कारखान्यात. ओवी आता ठणठणीत आहे, हे आधीच सांगते.

दुपारी ती पोट धरून कळवळायला लागली. आईला फोन करून आम्ही रिक्षाने दवाखाना गाठला. टॅब सकाळपासून बंदच पडलेला, आता कसाबसा पाच टक्के! नर्सने कॉम्प्युटरला जोडून दिला, पण स्क्रीन चालू असला की आकडा उतरतच होता.

डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय, बाळा?"

ओवीने दाबलं. "काल."

तीन टक्के.

"घरी का नाही सांगितलंस?"

"टॅब. शाळा."

खरंच की! टॅब शाळेतच राहतो.

"उलटी झाली?"

"हो."

दोन टक्के. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, ती कळवळली. "अपेंडिक्स वाटतंय. सोनोग्राफी करू लगेच." मग तिच्याकडे वाकून म्हणाले, "अजून काही सांगायचंय?"

एक टक्का. माझे हात इतके थरथरत होते, की टॅबच हलत होता. ओवीने माझ्याकडे बघितलं. एका हाताने टॅब घट्ट धरला आणि दुसऱ्याने सावकाश तीन चित्रं दाबली.

"ताई. शांत. बसा."

आणि स्क्रीन काळा झाला.