भासऱ्याचे कान

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाई. माह्या बायकोले माहीत होतं – ती गेली. आता तुम्ही आयका.

आमच्या सावली तालुक्याकडं भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, बाई तोंडावर पदर घेते. बोलत नाई. भासराही तिच्या खोलीत पाय टाकत नाई. माह्या लहान भावाची, नामदेवची बायको देवकी – एका आंगणात राहूनबी तिचा आवाज मी आयकला नव्हता. त्या दुपारपर्यंत.

तलावावरून येऊन मी जाळं सांधत बसलो होतो. नामदेव दारू पिऊन तिले मारून राह्यला होता. नेहमीचंच. मधात कुडाची भिंत. अन् ती ओरडली – "भाऊ, वाचवा! हे मले मारून टाकते!"

पयल्यांदा बोलली ती माह्यासंग. अन् मी? जाळ्यातली सुई चालवत राह्यलो. भासरा आत कसा जाईन – असं मनाले सांगितलं. मंग एकदम चूप झालं. तिच्या हाती वरवंटा लागला होता. नामदेव जागीच गेला.

तिचा वकील म्हणे, जीव वाचवाले तिनं हाणलं असं घरच्या कोणी सांगितलं, तर शिक्षा कमी होईन. कोर्टात मी उभा राह्यलो, तवा तिनं पदर मांगं सारला. सरळ माह्याकडं पाह्यलं. भरोसा होता तिले – हा सांगन.

मी म्हटलं, "साहेब, मी भासरा. तिच्याकडं पाहत नाई, तिचं आयकत नाई."

जन्मठेप झाली.

काऊन केलं असं? नामदेव माहा भाऊ, म्हणून? का खरं सांगितलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं – मंग तू उठला काऊन नाई?

लय वर्षांनी ठाण्यातून जमादार आला. तिले आता जेलातून सोडाचं आहे, घरच्यायची हरकत आहे का, म्हणे. बायको चुलीपासून बोलली, "सांगा न आता तरी! पदर तिच्या तोंडावर होता, तुमच्या कानावर नाई."

जमादार हसला. मले झोंबलं.

"हरकत आहे," मी म्हटलं. "लिहा."

"अंगठा द्या, बाबा."

"सही येते मले."

अन् केली. दुसरीपर्यंत शिकलो होतो – तेवढं कामी आलं.

देवकी अजून आतच आहे. त्या दुपारी मी आयकलं होतं. सगळं.