गालावरची तीट आणि वन्संचा प्रयोग

मार्च महिना, सोलापूरचं ऊन, आणि बालवाडीच्या खिडक्यांना आमच्या घरातल्या चादरी टांगलेल्या... सिनेमा दिसायला अंधार हवा होता ना! पन्नासेक वर्षं होत आली, पण ती दुपार आठवली की अजून हसू येतं.

आमच्या धाकट्या नणंदबाई, शैलावन्सं, तेव्हा मानसशास्त्रात एम.ए. करत होत्या. पडद्यावरची मारामारी बघून लहान मुलं जास्त मारकुटी होतात का, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. मे महिन्यात लग्न ठरलेलं... म्हणजे प्रबंध व्हायचा तर आत्ताच, नाहीतर राहिलाच.

मी सातवी शिकलेली, पण मला भारी उत्सुकता. मुलांचे दोन गट करायचे, एकाला मारामारीचं रीळ दाखवायचं, दुसऱ्याला धरणाच्या बांधकामाचं. मग एकेक गट बाहुलीजवळ सोडायचा आणि कोण किती मारतं ते वन्संनी पडद्याआडून टिपायचं.

मी म्हटलं, "दंगेखोर पोरं मारामारीच्या गटात घाला की, लगेच निकाल लागेल!"

वन्संनी कपाळावर हात मारला. "अहो वहिनी, मग सिनेमानं बिघडलं की पोर आधीच वांड होतं, कसं कळायचं?" त्यांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडले... मला पटलं.

बाहुली शिवायचं काम माझ्याकडे. चादरीचे तुकडे, आत कापूस, बुडाला वाळूची पुरचुंडी, म्हणजे ढकललं तरी पुन्हा उभी राहील. सांगितलं होतं एवढंच. पण ते कोरं तोंड मला बघवेना हो... दोऱ्यानं डोळे काढले, दोन वेण्या घातल्या, झबलं चढवलं आणि जाता जाता गालावर काजळाची तीट लावली.

मारामारी बघून पोरं ढिशुम ढिशुम करत खोलीत घुसली. राजू नावाचं एक वांड पोर सगळ्यांत पुढे, मूठ वळलेली... आणि बाहुलीपाशी येऊन थबकला.

"ए, मारू नको की! कुणाचं तरी लेकरू हाय," मागून एक पोरगी ओरडली. "तीट लावलीया बघ!" विणकरांच्या घरातली पद्मा तर तेलुगूत काहीतरी गुणगुणत बाहुलीला थोपटायलाच लागली.

धरणवाल्या गटानंही तेच केलं. वन्संचा कागद कोरा तो कोराच. "वहिनी, मी बाहुली मागितली होती, भाची नव्हे!" म्हणाल्या... आणि रडायलाच लागल्या.

त्यांच्या सरांनी शेवटची एक संधी दिली. दुसऱ्या बालवाडीतली नवी मुलं घेतली आणि मी गोणपाटाचं एक बोचकं शिवलं. डोळे नाहीत, नाक नाही... हात शिवशिवत होते, पण आवरले.

या वेळी मारामारी बघितलेल्या मुलांनी त्या बोचक्याला असं बदडलं म्हणता! धरण बघितलेली पोरं दोन-चार बुक्के मारून ठोकळे रचत बसली. वन्संचा चेहरा खुलला. प्रबंध लग्नाआधी पुरा होणार होता...

मला मात्र चैन पडेना. बदडून बदडून पोरं लालबुंद झालेली, डोळ्यांत अजून तीच रग. मी विचारलं, "वन्सं, आता ही अशीच घरी धाडायची? घरात धाकटी भावंडं असतील की यांची..."

वन्संनी हातातला कागद खाली ठेवला. म्हणाल्या, "वहिनी, माझी भाची आणा."

सगळ्यांत जोरात बदडणारा पोरगा पुढे आला. चड्डीला हात पुसले, मांडी घातली, बाहुलीला कुशीत घेतलं... आणि थोपटता थोपटता हळूच विचारतो, "हिचं नाव काय?"

वन्संचा प्रबंध पास झाला. बाहुली त्यांनी सासरी नेली.

आता आमच्याकडे थोरल्या नातवाच्या मोबाईलवर दिवसभर ढिशुम ढिशुम चालतं. मी ओरडत नाही... खेळ संपला की त्याला मांडी घालून बसवते आणि धाकट्या नातीला तीट लावून त्याच्या मांडीवर देते. वन्सं हे वाचून म्हणतील, "वहिनी, एका पोरावरून निष्कर्ष काढू नये." बरोबरच आहे त्यांचं... पण तो थोपटतो हो.