सदऱ्याखाली न दिसणारं रिव्हॉल्व्हर

परवाना हातात आला त्याच संध्याकाळी मी यादी केली. वजन कमी. नळी आखूड. सदऱ्याखाली दिसता कामा नये. यांनी जन्मात बंदूक धरलेली नाही, तेव्हा चालवायला सोपं हवं. तिसऱ्या मुद्द्याखाली मी दोन रेघा मारल्या.

निर्मळ गावातली आमची वाडी एका बिल्डरला हवी होती. शेजारच्या दोन्ही वाड्या विकून झाल्या होत्या. हे पहाटे एकटेच चाफा खुडायला जायचे. दोनदा अनोळखी माणसं बांधावर नुसती येऊन बसली. तिसऱ्या वेळी आमचा कुत्रा पंपाशी मरून पडलेला सापडला. मग वर्षभर खेटे घालून मी यांच्या नावाने परवाना मिळवला.

मुंबईतल्या दुकानाचे म्हातारे मालक यादी वाचून म्हणाले, "बाई, बस्ता बांधायला आलात का?" पिस्तूल त्यांनी स्वतःच बाजूला सारलं. नव्या माणसाला घाईत त्याचे खटके आठवत नाहीत, रिव्हॉल्व्हर बरं. सगळ्यात छोटं यांच्या हातात दिलं तर करंगळीला मुठीवर जागाच उरेना.

"जितकं लहान तितका झटका जास्त. नेम लागत नाही. यांना मधलं घ्या," मालक म्हणाले.

"मधलं कमरेला फुगतं," मी म्हटलं. "दिसलं तर ती माणसं आणखी चिडतील."

हे हसले. "मला विचारतंय कोण?"

छोटंच घेतलं. सरावाला दहा गोळ्या झाडल्या, दोन कागदाला लागल्या. "अगं, केळीचा घडसुद्धा पडायचा नाही माझ्याकडून," हे म्हणाले. मी वहीत लिहिलं : सराव, दर महिन्याला.

चार महिने ते फडक्यात गुंडाळून कमरेला होतं. माझ्या जावेलाही कळलं नाही. मला वाटलं, जमलं.

मग निवडणूक लागली आणि परवान्याची सगळी हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. ही गोष्ट माझ्या यादीत नव्हती. व्हरांड्यात रांग होती. टेबलावर फडकं सोडायचं, हवालदार मोठ्याने नंबर वाचणार. रांगेत आमच्या मागे, बांधावर येऊन बसणाऱ्यांपैकीच एक जण उभा होता, स्वतःचं पिस्तूल घेऊन. त्याने मान पुढे काढून पाहिलं.

"काका, एवढंसंच? आम्हाला वाटलं होतं, तुमच्याकडे कायच नाय." मग माझ्याकडे वळून, अगदी अदबीने, "काकी, पावती सांभाळा हां. निकालानंतर भेटतं परत."

घरी आल्यावर मी म्हटलं, "निकालापर्यंत वाडीत जाऊ नका."

"फुलं थांबणार आहेत का?"

तिसऱ्या पहाटे हे निघाले, मीही सोबत गेले, तेव्हा चाफ्याची सगळी झाडं कमरेएवढ्या उंचीवर कापलेली होती. काही फांद्यांवर कळ्या अजून ताज्या होत्या. मी वही काढली, झाडं मोजायला लागले. हे बुंध्याशी खाली बसले. "लिहू नकोस," म्हणाले. "आज कुत्रं मारलं नाही, माणूसही मारला नाही. उद्याचं कोणी सांगावं?"

निकालानंतर पावती दाखवली, रिव्हॉल्व्हर त्याच फडक्यात परत मिळालं. तोवर वाडीच्या खरेदीखतावर यांची सही झालेली होती.

आता आम्ही विरारला तिसऱ्या मजल्यावर राहतो. हे पहाटे उठतात आणि खिडकीशी बसून राहतात. परवान्याचं नूतनीकरण मीच करते. अर्जात कारणाचा रकाना असतो. पहिल्या अर्जात मी 'वाडीचे व जिवाचे रक्षण' असं लिहिलं होतं. या वेळी बाकीचे सगळे रकाने भरले. तो अजून तसाच आहे.