धुळ्याच्या साहेबांनी खाल्लेले रोट

हे मी सांगायचं नाही, असं मम्मीने मला देवासमोर बसवून बजावलंय. "भाऊबंदांच्या कानावर गेलं ना मीनल, तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही." म्हणून गावाचं नाव सांगत नाही. एरंडोलपासून जवळ आहे, एवढ्यावर भागवा.

तशी मी कुणाशी फारशी बोलत नाही. वर्गात हजेरी द्यायची तरी माझे कान गरम होतात. पण हे काही पोटात राहत नाही हो! आणि लिहिणं म्हणजे काही सांगणं नव्हे. हो ना?

तर माझे पप्पा जळगावला पाइपांच्या कारखान्यात कामाला आहेत. येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार. फंडाची रक्कम हातात येणार ती एकदाच. पुन्हा नाही. ताईचं लग्न होऊन सहा वर्षं झाली, मी शेंडेफळ, अजून दहावीत. घरात चारच माणसं, आबा म्हणजे माझे आजोबा, पप्पा, मम्मी आणि मी. शेत चार एकर. घरामागे वांगी, मिरच्या, कोथिंबीर, सहा कोंबड्या आणि एक म्हैस. पप्पांचं स्वप्न असं, की निवृत्तीनंतर बाजारातून फक्त मीठ, गूळ आणि चहापत्ती आणायची. बाकी सगळं घरचं!

स्वप्नावर घरात एकमत होतं. भांडण होतं फंडाच्या रकमेवर.

पप्पांची कुणीतरी धुळ्याच्या सोनवणे साहेबांशी गाठ घालून दिली होती. साहेबांची एक योजना होती. सही आत्ताच करायची, मार्चमध्ये फंड आला की सगळी रक्कम बारा वर्षं त्यात ठेवायची, दर महिन्याला ठरलेले पैसे घरी येणार. पप्पा म्हणायचे, "माझे गुडघे आत्ताच कुरकुरतात. सत्तरीत म्हशीखाली कोण बसणार?"

मम्मी म्हणायची, "आणि बारा वर्षांच्या आत विहीर आटली तर? तुमची पावती पिणार का आम्ही?"

दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत! दोन आठवडे घरात कुणी धड बोलत नव्हतं. मम्मी भाकरी थापायची ती तीन घरं पलीकडे ऐकू जायची. पप्पा आधीच पाणी दिलेल्या कोथिंबिरीला परत पाणी द्यायचे. कोथिंबीर बिचारी पोहायला लागली होती. मला दोघांनी वेगवेगळं गाठून विचारलं, "तू कोणाच्या बाजूने?" मी दोन्ही वेळा कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेले. त्या आठवड्यात कोंबड्या चांगल्याच जाड झाल्या.

अशात आली कानबाई.

आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून दळतात. त्या पिठाच्या पोळ्या करायच्या, त्यांना रोट म्हणतात, आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. म्हणजे किती फक्त? माझ्या सख्ख्या ताईला लग्न झाल्यापासून या घरचे रोट मिळत नाहीत! ती एकदा रुसून बसली, तरी आबा हलले नाहीत. त्यांचं खरकटं, हात धुतलेलं पाणीसुद्धा बाहेर जाऊ द्यायचं नाही. अंगणात एक खड्डा असतो, त्यातच टाकायचं. उरलेलं पीठ पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचं.

कानबाईचं विसर्जन सोमवारी झालं. बुधवारी चार वाजता सोनवणे साहेब सहीसाठी येणार होते. पप्पांनी रजा घेतली होती.

आता नीट लक्ष द्या, कारण इथून पुढे सगळा माझा पराक्रम आहे.

बुधवारी दुपारी पप्पा आधार कार्डाच्या झेरॉक्स काढायला एरंडोलला गेले. मम्मी चारा कापायला शेतात. आबा मारुतीच्या पारावर. घरात मी एकटी. आणि साहेब चारऐवजी दोनलाच हजर!

"पाटील आहेत का घरी?"

मी मान नाहीची हलवली.

"येतीलच ना?"

मी मान होची हलवली.

साहेब ओसरीवर टेकले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. "काय ऊन आहे श्रावणात! पारोळ्याच्या पुढे गाडी पंक्चर. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही, बेटा."

आता उपाशी माणूस दारात बसलाय, आणि मी काय नुसती मान हलवत राहू? मी आत गेले. डब्यात सकाळची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, वाळून कडक झालेली. धुळ्याच्या साहेबांना ही कशी द्यायची? तेवढ्यात कोपऱ्यात नव्या कापडाने झाकलेली टोपली दिसली. आत तूप लावलेल्या मऊ पोळ्या. शेजारी खीर आणि भाजी. सकाळी मम्मी पुटपुटली होतीच, "साहेब येताहेत म्हणे, काहीतरी गोडाधोडाचं करावं लागेल." मला वाटलं, हेच ते. आणि रोटाचं पीठ तर मंगळवारीच संपणार होतं, मीच ऐकलं होतं.

मी ताट वाढलं. दोन पोळ्या, वाटीभर खीर, भाजी.

साहेब पहिल्या घासालाच डोळे मिटून म्हणाले, "वा! गंगाफळाची भाजी काय झालीये!"

गंगाफळ?

 गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आमच्याकडे फक्त कानबाईला होते! मी धावत आत गेले. टोपलीमागे रोटाच्या पिठाचा डबा होता. रिकामा. त्यावर कुंकवाची पाच बोटं.

तुम्ही असता तर काय केलं असतं? "साहेब, थांबा, खाऊ नका," एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द! मी बाहेर आले, तोंड उघडलं, आणि त्यातून हवासुद्धा आली नाही. शेवटी मी सरळ ताटाकडे हात नेला, म्हटलं उचलूनच घेऊ.

साहेबांनी ताटावर हात आडवा धरला. "नको नको, बस झालं!"

मी हात मागे घेईना.

"बरं बाई, आण. अर्धीच पण."

मी थिजून तिथेच उभी.

"अर्धी नाही म्हणतेस? एकही नाही? बरं, दोन आण. काय हा आग्रह! न बोलता आग्रह करणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहतोय."

तर अशा रीतीने साहेबांनी चार रोट खाल्ले. दोन मी वाढले म्हणून, आणि दोन मी थांबवायला गेले म्हणून.

तेवढ्यात मम्मी आली. डोक्यावर चाऱ्याचा भारा, हातात विळा. तिने ताट पाहिलं. गंगाफळ पाहिलं. भारा धपकन खाली.

"मीनल, टोपलीतलं वाढलंस?"

मी मान हलवली. होची.

साहेबांना वाटलं, चार पोळ्या जरा जास्तच झाल्या. ते ओशाळून उठले आणि हात धुवायला अंगणातल्या नळाकडे निघाले.

"थांबा! हात धुऊ नका!" मम्मी अशी ओरडली की कोंबड्या छपरावर. ती धावत जाऊन नळासमोर आडवी उभी राहिली. हातातला विळा ठेवायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

साहेब खरकटा हात वर धरून जागीच उभे. "वहिनी, अन्नात काही पडलं होतं का?"

"नाही हो, तसं काही नाही."

"मग?"

मम्मीला सांगताही येईना आणि हटताही येईना. मला तर येतच नव्हतं. अशा वेळी फाटकातून पप्पांची मोटरसायकल आत आली.

पप्पांनी काय पाहिलं असेल, विचार करा. साहेब हात वर करून उभे, आणि समोर विळा घेतलेली मम्मी!

"अगं, योजना नको तर तोंडाने नको म्हण!" पप्पा गाडीवरूनच ओरडले. "विळा कशाला?"

झेरॉक्स अंगणभर उडाल्या. त्या गोळा करता करता मम्मीने पप्पांच्या कानात सगळं सांगितलं.  त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओसरीच्या खांबामागे गेले. खांब माझ्यापेक्षा बारीक आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

गलका ऐकून आबा काठी टेकत आले. "काय व्हयनं?"

मम्मीने पप्पांकडे पाहिलं, पप्पांनी मम्मीकडे. शेवटी खांबामागून मीच बोलले. "आबा, मी साहेबांना रोट वाढले."

"कितला?"

"चार."

आबा खाटेवर बसले. सुपारी काढली, कातरली, तोंडात टाकली. आम्ही सगळे उभे, साहेबांचा हात अजून वरच. आबांनी ताईलासुद्धा सवलत दिली नव्हती. आता साहेबांना हाकलतील, मग पप्पा चिडतील, मम्मी रडेल, आणि सगळं खापर माझ्यावर. 

"आते काय करतस?" आबा म्हणाले. "पोटमा गये ते काही निंघत नही. रोट भाऊबंदच खातस. यानी खादात. म्हंजे हाऊ आते आपला भाऊबंद शे! पोरी, याले खड्डा दखाड, हात धवू दे."

साहेबांनी खड्ड्यात हात धुतले. मग पप्पांनी त्यांना रोट म्हणजे काय ते समजावलं. मला वाटलं, आता हे चिडतील. पण ते बराच वेळ स्वतःच्या हाताकडेच बघत राहिले. हाताला अजून तुपाचा वास येत असणार.

शेवटी त्यांनी बॅगेतून कागद काढले. "बरं पाटील, आता सहीचं..."

पप्पांनी पेन घेतलं. मम्मी दाराच्या चौकटीला धरून उभी. तिची बोटं पांढरी झालेली मला दिसत होती. सही झाली की बारा वर्षं काही बोलायला जागाच नव्हती. पेनाचं टोपण निघालं.

"थांब रे," आबा म्हणाले. ते पप्पांशी नाही, साहेबांशी बोलत होते. "तू आते घरना शे. म्हनीसन घरना मानूसले इचारस तसं इचारस. तुना सख्खा भाऊ ऱ्हाता, त्येनाकडे एवढाच पैसा ऱ्हाता, ते त्येले हाऊ कागद देता का?"

 म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली असं मला वाटलं.

साहेबांनी पप्पांकडे पाहिलं. मग चौकटीतल्या मम्मीकडे. मग त्यांनी पप्पांच्या हातातून पेन हळूच काढून घेतलं.

"नसता दिला, आबा."

"काबरं?"

"सख्ख्या भावाची सगळी रक्कम मी एका जागी बारा वर्षं अडकवली नसती." त्यांनी कागद बॅगेत सरकवले. "योजना वाईट नाही. ज्याच्याकडे दुसरा पैसा आहे, त्याच्यासाठी आहे. पाटील, तुमच्याकडे हा एकच आहे. वहिनी म्हणतात तशी आधी विहीर खोल करा. सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवा. बाकीचे बँकेत ठेवीवर टाका, दर महिन्याला व्याज घ्या. कमी मिळेल, पण मोडता येईल."

"आणि म्हैस?" मम्मीने विचारलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा तिचा आवाज साधा आला होता.

"एकच ठेवा, वहिनी. दुसरी नको. गुडघे त्यांचे खरंच गेलेत, बसताना आवाज येतो."

पप्पा हसले. मम्मीही हसली. आबांनी साहेबांना अडकित्ता दिला, आणि आबा अडकित्ता कुणाला देत नाहीत. मी तर खांबामागून पूर्ण बाहेर आले. काय सांगू तुम्हाला, माझ्या चुकीने घर सावरलं होतं! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

तेवढ्यात साहेब कागदावर आकडे मांडता मांडता म्हणाले, "आता पुढचे मोठे खर्च कोणते?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कितवीत ही?"

"दहावीत," मम्मी म्हणाली.

"गणित कसंय?"

मी मान हलवली. होची नाही, नाहीची नाही, मधलीच.

"चाचणीचा पेपर आण बघू."

मी हलले नाही. "अगं, काका विचारताहेत," पप्पा म्हणाले. काका! चार रोटांत काका!

पेपर आला. वीसपैकी सहा. मम्मीला मी तो अजून दाखवलाच नव्हता. मागच्या बाजूला आणखी काही गुण आहेत का, ते तिने पेपर उलटून पाहिलं.

"पाटील, नोकरीआधी मी नऊ वर्षं गणिताचा क्लास घ्यायचो," सोनवणे काका म्हणाले. "रविवारी माझी एरंडोलला फेरी असतेच. भाऊबंद म्हटल्यावर पोरीची जबाबदारी माझीसुद्धा. फी घेणार नाही."

"जेवूनच जायचं मग," मम्मी लगेच म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी, सकाळी दहा ते एक. पप्पा खूश, मम्मी खूश, आबांना सुपारी खायला जोडीदार मिळाला. काका उदाहरणंसुद्धा आमच्याच घरची घालतात. पप्पांची ठेव इतकी, व्याज इतकं, खर्च इतका, तर पैसे किती वर्षं पुरतील? सगळ्यांच्या म्हातारपणाची सोय झाली. माझ्या रविवारांची मात्र मी स्वतःच्या हाताने, तूप लावून, वाट लावली. म्हणून तुम्हाला सांगते, दारात कुणी उपाशी पाहुणा आला ना, तर वाढायच्या आधी निदान...

"मीनल! तुझ्या उत्तराप्रमाणे तुझे पप्पा दोनशे दहा वर्षं जगतात! वही घेऊन ये इकडे!"

आले, काका!