पहिल्या फुलाचा कौल

अभिषेकानंतर पाषाणाच्या मूर्तीला एक वास येतो. ओल्या दगडाचा, उगाळलेल्या चंदनाचा आणि किंचित शिळ्या दुधाचा. परवा सकाळी तगरीची दोन फुलं घेऊन मी देवघराच्या दाराशी उभी होते. तो वास नाकात शिरला आणि पंचगंगा घाटाकडून येणाऱ्या दमट वाऱ्यातही माझ्या तोंडाला कोरड पडली. फुलं माझ्यासाठी नव्हती. धाकट्या भावाच्या मुलीला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता, एक इथलं, काशीचं, आणि एक पुण्याचं. भावाला ती पुण्याला जायला हवी होती, तिला स्वतःला इथेच राहायचं होतं, आणि घरात रोज वाद नको म्हणून बाबांनी कौल लावायचं ठरवलं होतं.

आमचे पूर्वज कोकणातून काशीला कधी आले हे बाबांनाही नीट सांगता येत नाही. येताना त्यांनी वीतभर उंचीची काळी देवी आणली आणि तिला कौल लावायची रीतही आणली. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवायचं, उजवं म्हणजे हे आणि डावं म्हणजे ते, असं मोठ्यानं सांगायचं आणि समोर बसून राहायचं. जे फूल आधी गळेल ते देवीचं उत्तर. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत मराठी घरं आता मोजकीच उरली आहेत आणि त्यांतलं कुणी कौल-बिल लावत असेल असं वाटत नाही. आमच्याकडे लावतात. आमच्याकडे नको त्या गोष्टी बऱ्या टिकतात.

बारावीनंतर माझ्यासाठीही असाच कौल लावला होता. मला पुण्याला जाऊन मराठी घेऊन बी.ए. करायचं होतं. यात एवढी ओढ लागण्यासारखं काय होतं, हे तुम्हांला सांगूनही कदाचित पटायचं नाही; कारण तुम्ही ज्या भाषेत भाजीवालीशी घासाघीस करता, ती माझ्यासाठी उंबरठ्याच्या आतली भाषा होती. चपला घालून बाहेर पडलं की हिंदी सुरू. मराठीत भांडणारा रिक्षावाला मी पाहिला नव्हता, मराठीत खोटं बोलणारा दुकानदार पाहिला नव्हता. मराठी म्हणजे आई, बाबा, आरत्या आणि श्राद्धाचा स्वयंपाक. ही भाषा भर रस्त्यात, उन्हात, शिव्यांसकट कशी वागते ते मला बघायचं होतं. ‘काशीस जावे नित्य वदावे’ असं सगळा महाराष्ट्र म्हणतो. जी काशीतच जन्मली तिनं कुठे जावं म्हणून वदावं, हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. शेजारच्या चाची तर तोंडावरच हसल्या होत्या. “दुनिया भर के लोग पढ़ने कासी आते हैं, और ये जाएँगी पूना!”

उजवं पुणं, डावं काशी. पुण्याचं फूल आधी पडलं. ते देवीच्या पायाशी पडलं तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो, आणि तो आठवतो याचाच आता राग येतो. कारण बाबा म्हणाले, “फूल फार ओलं होतं. ठीकसं चिकटलंच नव्हतं. पुन्हा लावू.” दुसऱ्या खेपेला डावं पडलं. बाबांनी हात जोडले. “झालं. देवीची मर्जी.”

“एकेक झालंय, बाबा. आता तिसऱ्यांदा लावा ना.”

“देवीची परीक्षा घेतात का गं?”

आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही, ती निवडतच राहिली.

मग मी इथल्या विद्यापीठात संस्कृत घेतलं. त्या विद्यापीठाला मी नावं ठेवणार नाही. गर्द झाडीचे रस्ते होते, जीव लावून शिकवणारे गुरुजी होते. पण ताट कितीही चांगलं असलं तरी नको असलेला घास घशाखाली ढकलावाच लागतो. आज मी एका महाविद्यालयात मुलींना हिंदीतून संस्कृत शिकवते. भावाच्या वेळी देवीला कुणी विचारलंच नाही. त्याला पुण्याला पाठवायचं हे तिला आपसूक ठाऊक असणार. तो तिथे शिकला, परत येऊन इथेच बँकेत लागला, इथल्याच मुलीशी लग्न केलं. त्याच्या घरात आता सगळे हिंदीच बोलतात आणि तोही. आई गेल्यावर मराठीत बोलायला मला एकच माणूस उरलं, आणि ते नेमके बाबा.

भाचीला मी महिनाभर पुण्याच्या गोष्टी सांगत होते, जणू मी तिथे राहून आले होते. ती मन लावून ऐकायची आणि म्हणायची, “आत्या, वहाँ मेरा है कौन?” तिचं खरंच होतं. तिला ज्या भाषेत जगायचं होतं ती तिच्या दाराबाहेरच उभी होती.

बाबांनी सुरकुतलेल्या बोटांनी फुलं लावली. उजवं पुणं, डावं काशी. आम्ही बसून राहिलो, आणि उजवं पडलं. भाचीचे डोळे भरून आले. “आजोबा, एक बार और. प्लीज.”

“लावू की,” बाबा लगेच म्हणाले. “लेकराचं मन आधी. देवी काय रागावते?”

दुसऱ्यांदा डावं पडलं. तिनं बाबांना मिठी मारली, भावानं खांदे उडवले, आणि सगळे चहाला गेले. तीच देवी, तोच क्रम. दोन्ही वेळा तिनं आधी पुणं म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा तिला बदलून बोलायला लावलं. पोरीचं भलं झालं, याचा मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

मी फुलं उचलायला वाकले आणि न राहवून म्हणाले, “बाबा, माझ्या वेळीही पहिलं फूल पुण्याचंच पडलं होतं.”

बाबा चंदनाचं खोड पुसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत लपवाछपवी नव्हती, खरोखरची उत्सुकता होती.

“तुझ्या वेळी?” ते म्हणाले. “तुझ्यासाठी कौल लावला होता का आपण?”

फुलं मी निर्माल्यात टाकली. दुपारी भोसले घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. पाणी चढत होतं, खालच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या. बाबांना काय काय सुनवायचं ते मनात जुळवत राहिले आणि ध्यानात आलं, की सगळं मराठीतच जुळतंय. हिंदीत मला एवढं रागावताच येत नाही. आणि हा राग ज्याला कळेल असं माणूस या गावात एकच आहे. तेही आता विसरायला लागलं आहे.