एकावर एक तीन जिने

"दाबलं का गं मी ते?"

"दाबलंत, मामा."

"कधी?"

"आत्ता. माझ्या डोळ्यांदेखत."

"मग रेष अशी झिंगल्यासारखी का चाललीय?"

"कारण नंतर परत दाबलंत."

मामांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कीबोर्डकडे रोखून बघितलं. खोटं बोलणारा तोच असणार.

"मी एकदाच दाबलं. दुसऱ्यांदा तू दाबलं असशील."

"हो, मीच," भाची म्हणाली आणि आपल्या खिडकीच्या ड्रॉइंगकडे वळली. हे सकाळपासून चौथ्यांदा होतं. वाद घालून घसा कोरडा करण्यात काय हशील?

हे मामा तिचे सख्खे, आईचे थोरले भाऊ. पण साहेबांपासून खालच्या मशीनवाल्यापर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणायचे. खाली लोखंडी जिने, फाटकं आणि खिडक्या बनवायचा कारखाना, वर माडीवर ड्रॉइंग ऑफिस. वर रेष मारायची, खाली तिच्याबरहुकूम पत्रा कापायचा. मामांनी या माडीवर चाळीस वर्षं घासली होती. त्यातली अर्धी ड्रॉइंगच्या फळ्यावर वाकून, उभ्यानं. शाईची रेष चुकली तर ब्लेडनं अशी खरवडायचे की कागदालाही पत्ता लागू नये. पुढं कॉम्प्युटर आला. बरोबरीचे एकेक जण हात जोडून घरी गेले. मामा पन्नाशीत मुकाट्यानं खुर्चीवर बसले, पहिले आठ दिवस माउस टेबलावरून खाली पाडला आणि वर्षभरानं दुसऱ्यांना शिकवू लागले. भाचीलाही त्यांनीच हाताला धरून इथं आणलं. उंच नि किडकिडीत म्हणून 'फूटपट्टी' हे नावही त्यांचंच. ते चिकटलं ते चिकटलंच.

असा माणूस मागच्या महिन्यात एक पायरी विसरला. जिना तेरा पायऱ्यांचा, ड्रॉइंगमध्ये बारा. मशीनवाला कापलेला पत्रा खांद्यावर घेऊन वर आला आणि मामांच्या टेबलाला टेकवून उभा केला. "मामा, ही उडी मारून चढायची का?"

ऑफिस हसलं. मामाही हसले. साहेब मात्र हसले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. भाचीला बाहेर बोलावून ते हळू आवाजात म्हणाले, "आता त्यांना एक शाळेचा जिना देतो. नीट झाला तर ठीक. नाही तर तूच त्यांना समजावून घरी ने. माझ्यानं नाही व्हायचं ते."

घरी मामीचं वेगळंच. "एक रविवार घरी असले तर कपाटातली भांडी खाली काढतात, परत लावतात, परत काढतात. कायमचे बसले तर महिन्याभरात भिंतीशी बोलतील गं. त्यांना तिथंच राहू दे, कसंही कर."

कसंही कर. म्हणजे काय करायचं?

मामांचं बिनसत होतं ते दोन सेटिंगांत. एक लावलं की रेष आडवी नाही तर उभीच जाते, इकडंतिकडं हलत नाही. दुसऱ्यानं ती आधीच्या रेषेच्या टोकाला जाऊन बरोबर चिकटते. दोन्ही कधी लावायची, कधी काढायची, यात मामांचा गोंधळ उडायचा. म्हणून भाचीनं जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून कॉम्प्युटरसाठी चार ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. हिशोब सोपा: एकातून आत्ता जे आहे ते वजा. शून्य असेल तर एक होतं, एक असेल तर शून्य. एक अक्षर आणि स्पेस दाबलं की दोन्ही सेटिंगं एकदम चालू, परत दाबलं की दोन्ही बंद. त्या अक्षराच्या बटणावर तिनं लाल टेप चिकटवली.

मामा पहिल्या दिवशी खूश. "फूटपट्टे, हे तर सरळ रेषा मारायचा टी-स्क्वेअर परत हातात दिल्यासारखं झालं की!"

दुसऱ्या दिवसापासून "दाबलं का गं मी ते?" सुरू झालं. उलटपालट करणाऱ्या बटणाचं हेच आहे. आधी दाबलं होतं की नाही, एवढं माणसाच्या लक्षात असावं लागतं. नेमकं तेवढंच मामांकडं उरलं नव्हतं.

मामा काही हातावर हात ठेवून बसणारे नव्हेत. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि दर दाबण्याला एक उभी खूण करायला लागले. विषम खुणा म्हणजे चालू, सम म्हणजे बंद. खुणा काय देखण्या! एका उंचीच्या, एका अंतराच्या, पाचवी आडवी. दुपारपर्यंत कागद भरला. मग कागदाकडे बघत ते म्हणाले, "ही शेवटची खूण मी दाबायच्या आधी केली का नंतर?"

त्या संध्याकाळी भाची परत त्यांच्या कीबोर्डपुढं बसली.

तिनं स्क्रिप्ट बदलली. वजाबाकी काढून टाकली. आता बटण कितीही वेळा दाबा, दोन्ही सेटिंगं चालूच राहणार.

"आणि तिरपी रेष?" मामांनी विचारलं.

"ती मला सांगा, मी मारून देईन."

लाल टेपचं सुटलेलं टोक मामांनी नखानं दाबून बसवलं.

तीन दिवस त्यांनी मान वर केली नाही. चौथ्या दिवशी सकाळी, साहेब यायच्या आत, भाची त्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. शाळेचा जिना पडद्यावर तयार होता. तेरा पायऱ्या, एकन् एक माप बरोबर. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. एका ठिकाणी कोपऱ्याबाहेर रेषेचा तुकडा उरल्यासारखा वाटला, म्हणून तिनं ती रेष निवडली आणि पुसली.

रेष गेली नाही.

परत पुसली. तरी रेष तिथंच.

"काय झालं गं?" मामांनी माउस आपल्या हातात घेतला. शेजारची रेष पुसली. ती राहिली. परत पुसली, राहिली. तिसऱ्यांदा पुसली तेव्हा ती गेली. मग पुढची पायरी. एक, दोन, तीन. मग गेली.

दोघांनाही कळलं. मामांनी अख्खा जिना तीनदा काढला होता. रोज सकाळी येऊन, काल काढलाय हे ठाऊकच नसल्यासारखा, पहिल्या पायरीपासून. समोरच्या रेषा बहुधा त्यांना वरून गिरवायला कुणी आखून दिल्यासारख्या वाटल्या असाव्यात. आणि भाचीच्या बटणानं प्रत्येक रेष आधीच्या रेषेवर केसाइतकीही न हलता नेऊन बसवली होती. रेष वाकडी गेली असती तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. हे असंच खाली गेलं असतं, तर पत्रा कापणाऱ्या मशीनच्या ज्योतीनं तीच रेष तीन तीनदा जाळून पत्रा वाया घालवला असता.

मामांनी पडद्यावरच्या पायऱ्या बोटानं खालून वर मोजल्या.

"तीनदा चढलो की गं मी," ते म्हणाले. "पाय कसे दुखले नाहीत?"

भाचीनं माउस परत आपल्याकडे ओढला.

"जास्तीच्या काढून टाक."

"कुठल्या ठेवू?"

"कुठल्याही ठेव. सारख्याच आहेत."

एकावर एक पडलेल्या रेषा एका फटक्यात काढणारी आज्ञा सॉफ्टवेअरमध्ये होती. तिनं दिली. पुसलेल्या पायऱ्या परत भरल्या. पडद्यावर फरक काहीच पडला नाही. तेवढ्यात साहेब दारात आले.

"झाला का जिना?"

मामांनी भाचीकडे बघितलं. भाचीनं साहेबांकडे बघितलं नाही. "झालाय," ती म्हणाली आणि फाइल खाली पाठवून दिली.

साहेबांनी पडद्यावर वाकून एकेक माप तपासलं, पायऱ्या बोटानं मोजल्या. चेहरा उजळला. "मामा, मी उगाच घाबरलो होतो. आता त्याच शाळेचे आणखी दोन जिने आहेत, तेही तुम्हीच घ्या." ते आत निघून गेले.

भाचीला त्यांच्या मागं जावंसं वाटलं. पण जाऊन सांगायचं काय? आणि मामीला?

"कुठला जिना म्हणाले?" मामांनी विचारलं.

"शाळेचा. नवी फाइल उघडून ठेवलीय." तिनं एका कोऱ्या कागदावर तारीख घातली, 'जिना दोन, पहिली पायरी' असं लिहिलं आणि कागद त्यांच्या कीबोर्डखाली सरकवला. मग ती आपल्या जागेवर येऊन बसली. खिडकीची चौकट अर्धी राहिली होती. मागं बटण वाजलं. थोड्या वेळानं परत वाजलं, मग लगेच आणखी एकदा. आता ते वाजून काहीच होत नव्हतं. चालू होतं ते चालूच राहत होतं. तिनं चौकटीची खालची रेष धरली आणि पुढं ओढली.